रोड रोलरखाली गेलेले येझदीचे सायलेन्सर : एका लेथवाल्याचं साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब
आणि मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या बसस्टँड चौकात आपल्या लोकांनी जप्त केलेले सायलेन्सर रांगेत मांडले आणि त्यांवरून रोड रोलर फिरवला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती, ‘स्टंटबाजांना दणका’. त्या फोटोत डावीकडे दोन सायलेन्सर एकसारखे दिसतात, लांब आणि शेवटी निमुळते. ते येझदीचे होते. कंपनीने बसवलेले, गाडीबरोबर आलेले. गाडी एका निवृत्त शिक्षकांची. ते तिच्यावरून शेतात जातात, बँकेत जातात, आणि माझ्या माहितीत त्यांनी चाळीसच्या वर कधी काटा नेलेला नाही.

नाक्यावर त्यांना विचारलं गेलं, “एका इंजिनाला दोन सायलेन्सर कायले? मॉडिफाय केली ना गाडी?” गुरुजींनी समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. मग तेच उत्तर मी आता सगळ्यांसमोर देतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची २५० सीसी गाडी एकाच सिलिंडरची, टू-स्ट्रोक. पण त्या सिलिंडरला धूर बाहेर जायच्या वाटा दोन. म्हणून दोन पाइप आणि दोन सायलेन्सर. १९६० च्या दशकात ती जावा म्हणून निघाली, १९७३ पासून येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. आज तसली मूळ जोडी शोधायची तर नागपूरच्या कबाड्यांपासून हैदराबादपर्यंत फोन फिरवावे लागतात. मूळ जे होतं तेच तुम्ही बेकायदा बदल म्हणून चिरडलं, साहेब. आता गुरुजींना बाजारातले डुप्लिकेट बसवावे लागतील. म्हणजे ज्या गुन्ह्याची शिक्षा आधीच झाली, तो गुन्हा ते आता करतील.

हे झालं एक उदाहरण. बाकीच्या बऱ्याच गाड्यांशी माझा थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र मी लिहितो आहे.

माझं हायवेच्या कडेला लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे. आमचा भाग संत्र्याचा आणि कपाशीचा. उन्हाळा सुरू झाला की मृगापर्यंत मला मान वर करायला वेळ नसतो. वखराची पास, डवऱ्याचे दांडे, पेरणी यंत्राचे फण, ट्रॉलीचे हूक. दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या थ्रेशरची धावपळ. ती सरली की संध्याकाळनंतर लेथ रिकामी राहते, आणि मग पोट्टे येतात. एक जिनिंगमध्ये फिटर आहे. एक आयटीआय करतो. एक वीज कंपनीत कंत्राटी वायरमन. एकाच्या घरी म्हशी आहेत, तो दूध घालून येतो. यांच्यातला एकच सुखवस्तू, संत्र्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्याकडे नवी कोरी गाडी आहे. बाकीच्यांच्या गाड्या भंगारातून आलेल्या. बापाने सोडून दिलेली सीडी १००, गोठ्यात कुजत पडलेली राजदूत, बिनकिकची आरएक्स १००. यांच्या त्यांनी कॅफे रेसर केल्या आणि सुटे भाग माझ्या लेथवर घडले. मोहिमेनंतर आपला एक कर्मचारी दुकानात येऊन “असलं काम पुन्हा केलं तर लेथ सील करू” असं सांगून गेला. लेखी काही दिलं नाही. तोंडी धमकीवर अपील कुठे करायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून उघड लिहितो.

कॅफे रेसर म्हणजे काय, हे नाक्यावरच्या भाऊसाहेबांना माहीत असायलाच हवं असा माझा आग्रह नाही. पण पाच हजारांचं चलान फाडण्याआधी थोडं माहीत असावं.

गाडीवर ताठ बसायच्या ऐवजी पुढे झुकून बसायचं, वाऱ्याला अंग कमी द्यायचं, एवढ्यासाठी हे सगळं. मूळ हँडल काढतात आणि पुढच्या फोर्कच्या दोन नळ्यांना दोन आखूड दांडे स्वतंत्र आवळतात. त्यांना क्लिप-ऑन म्हणतात. हात खाली आणि पुढे गेले की पाय मागे न्यावे लागतात, म्हणून फुटरेस्ट मागे सरकवतात, ते रिअर-सेट. सीट एकट्यापुरती, मागे उंचवटा. टाकी लांबट. जे लागत नाही ते काढून टाकायचं. दिसायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं. क्लिप-ऑनसाठी मी आधी व्हर्नियरने फोर्कच्या नळीचा व्यास घेतो, मग ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात नेमका तेवढाच बोअर काढतो, एका बाजूने चीर देतो आणि ॲलन बोल्टने आवळतो. बोअर केसभर सैल राहिला तर जोरात ब्रेक मारताना दांडा हातातच फिरेल आणि पोट्टं तोंडावर पडेल. हँडल खाली आलं की पूर्ण वळवताना अंगठा टाकीत चेंगरतो, म्हणून वळण थांबवणारी पट्टी भरून घ्यावी लागते. क्लचची केबल आता लांब पडते, तिचा मार्ग बदलावा लागतो, नाहीतर वळताना क्लच आपोआप ओढला जातो. फुटरेस्ट मागे गेले की गिअरची दांडी पायाखाली येत नाही, तिला नवा जोड द्यायचा. मागच्या ब्रेकचा रॉड नव्या मापाचा करायचा आणि पेडलचा लिव्हर आधीइतकाच ठेवायचा, नाहीतर ब्रेक दगड होतो. हे गणित आयटीआयच्या त्या पोट्ट्याने माझ्याकडे वहीत मांडून केलं. वर्गात त्याला ते कंटाळवाणं वाटत होतं, असं तोच सांगतो.

काही कामं मी घेत नाही. मागच्या शॉकअपचा वरचा बोल्ट जिथे येतो, त्याच्या पुढची चॅसी मी कापत नाही, कोणी कितीही पैसे देवो. सायलेन्सरची आवाज दाबणारी आतली जाळी काढून देत नाही. आरसे काढून मागितले तर नाही म्हणतो. हँडलच्या टोकाला बसणारे गोल आरसे मिळतात, ते लावा म्हणतो. आणि सिंगल सीटच्या जागी मी बहुतेकांना मूळ दोघांची सीट ठेवून वरून उंचवट्याचं झाकण करून देतो. दोन बोल्ट काढले की गाडी दोघांची. त्याचं कारण पुढे सांगतो.

या प्रकाराचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली ट्रकवाल्यांसाठी एस कॅफे निघाला. युद्धात तो बॉम्बखाली गेला आणि १९४९ मध्ये पुन्हा बांधला. रात्रभर उघडा, चहा स्वस्त. कारखान्यात पगार मिळवायला लागलेली पोरं तिथे मोटरसायकली घेऊन जमायची आणि एका कॅफेपासून दुसऱ्यापर्यंत शर्यती लावायची. ताशी शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर गाठणं हा मान. ज्यूकबॉक्सवर गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत ठरलेल्या चौकाला वळसा घालून परत यायचं, असंही सांगतात. किती खरं, किती चहाच्या टेबलावरचं, कोण जाणे. आमच्या पोट्ट्यांचं म्हणाल तर सीडी १०० ला उताराचा रस्ता आणि पाठीमागून वारा मिळाला तरी शंभर किलोमीटरसुद्धा होत नाही. शंभर मैल ही त्यांच्यासाठी गोष्टीतली गोष्ट आहे.

मला या इतिहासात शर्यतीपेक्षा दुसरंच काही आवडतं. हातात पैसा नसलेल्या लोकांनी कंपनीच्या गाडीतून स्वतःला हवी तशी गाडी काढली. ट्रायम्फ कंपनीच्या गाडीचं इंजिन चांगलं आणि नॉर्टन कंपनीची चॅसी चांगली, म्हणून दोन्ही जोडून ‘ट्रायटन’ केली. नॉर्टनची ती फेदरबेड चॅसी मुळात बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस या माणसाची, आणि तो कुठल्या कॉलेजात शिकलेला इंजिनिअर नव्हता, आपल्या हाताने शिकलेला मेकॅनिक होता. १९५० मध्ये नॉर्टनने ती आपल्या रेसिंगच्या गाड्यांसाठी घेतली. पुढे कंपन्यांनीच पोरांचं पाहून गाड्या काढल्या. रॉयल एनफिल्डने १९६४-६५ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातून २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी विकायला काढली, खाली घेतलेलं हँडल आणि लांब टाकी कारखान्यातूनच बसवून. तेच नाव २०१३ मध्ये ५३५ सीसीला आणि २०१८ मध्ये ६५० सीसीला दिलं, आणि आता ती ६५० ची गाडी चेन्नईजवळ बनते आणि परदेशी जाते. सांगायचा मुद्दा, हा आता आपल्याच देशाचा माल आहे.

त्या काळात तिथले पेपरही या पोरांना गुंड म्हणायचे आणि पोलिसही मागे असायचे. पण तिथे बिल शेरगोल्ड नावाचे एक पाद्री होते, स्वतः मोटरसायकल चालवणारे. लंडनच्या हॅकनी विक भागातल्या त्यांच्या चर्चने १९५९ मध्ये तरुणांसाठी ‘५९ क्लब’ सुरू केला होता. शेरगोल्ड या पोरांना बोलवायला थेट एस कॅफेत गेले. १९६२ मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी खास प्रार्थना ठेवली, गाड्यांसकट या म्हणाले. पोरं आली. मग क्लबात मोटरसायकलवाल्यांची वेगळी शाखा झाली, तिचे पुढे हजारो सदस्य झाले आणि आजही ती चालू आहे. साहेब, आपण चर्च काढावं असं मी म्हणत नाही. ते नाक्यावर उभे राहिले नाहीत, चहा प्यायला जाऊन बसले, एवढंच लक्षात घ्या. आमचे पोट्टे रविवारी पहाटे ज्या ढाब्यावर तर्री-पोहे खातात तिथे आपला एकही अधिकारी कधी बसलेला नाही. त्यांची पहिली भेट पावतीपुस्तकावरच झाली.

आता तक्रारी.

गुरुजींच्या येझदीचं सांगून झालं. दुसरं, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाची गाडी ही शोरूममधून आणलेली कॉन्टिनेंटल जीटी ६५० आहे. हँडल खाली आहे कारण कंपनीने खाली दिलं आहे. तिला ‘हँडल मॉडिफाय’ म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) खाली पाच हजारांचं चलान झालं. मुलाने मोबाइलवर कंपनीचा फोटो दाखवला. उत्तर मिळालं, “ते कोर्टात दाखव.” एका माणसाच्या चुकीसाठी दुसऱ्याने कोर्टाची तारीख घ्यायची, वकील करायचा, दिवसाचं काम बुडवायचं. बापाकडे पैसा आहे म्हणून त्याने भरून टाकले. दूध घालणाऱ्याला पाच हजार म्हणजे त्याच्या राजदूतला भंगारात जे मिळालं असतं त्याहून जास्त आहेत.

तिसरी तक्रार मला सगळ्यात मोठी वाटते, म्हणून थोडं सविस्तर. जमा केलेल्या गाड्यांच्या कागदांवर कारण म्हणून एकच शब्द आहे, ‘मॉडिफाय’. काय मॉडिफाय, कोणता भाग, कोणत्या कलमात, काहीच नाही. मी कायदा वाचणारा माणूस नव्हतो, या प्रकरणात वाचावा लागला. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या प्रकरणात हेच पक्कं केलं. म्हणजे कायदा पूर्ण आमच्या बाजूने आहे असं मी सांगणार नाही. आरसीवर आसनक्षमता दोन लिहिलेली असताना मी एकट्याची सीट बसवून दिली तर तिथे कलम ५२ अडतं, आणि ते झाकणाचं काम मी त्यासाठीच सुरू केलं. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण दिलेलं आहे : बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. आता सांगा, आरसीवर हँडलची उंची कुठे लिहिलेली असते? फुटरेस्ट चार इंच मागे नेला तर सीडी १०० ची मोटरसायकल राहात नाही का? कदाचित निरीक्षक साहेबांचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल. असू दे. पण ते मत लिहून मिळालं पाहिजे, म्हणजे आम्हाला ते मान्य करता येईल किंवा त्याविरुद्ध जाता येईल. एका शब्दाविरुद्ध कुठेच जाता येत नाही. शिवाय गाडी अडकवून ठेवायचा अधिकार देणारं कलम २०७ मी वाचलं. त्यात लायसन्स नसणं, नोंदणी नसणं, परमिट नसणं अशी कारणं आहेत. या पोट्ट्यांकडे तिन्हीपैकी जे लागू होतं ते सगळं होतं. मग गाड्या ठाण्याच्या आवारात उन्हात कशासाठी उभ्या आहेत? आमच्याकडचं ऊन आपल्याला माहीत आहे. रबरी पाइप तडकतात, सीट फाटते, टाकीचा रंग उडतो. तो रंग दोन महिने घासून, पॉलिश करून दिलेला असतो.

चौथं, सायलेन्सर. इथे मी अर्धा आपल्या बाजूने आहे. बुलेटला इंदोरी नाहीतर फटाका सायलेन्सर लावून दवाखान्यासमोरून ठो-ठो करत जाणारा माझा कोणी लागत नाही. त्याला जरूर धरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सर हवाच म्हणतो आणि आवाजाची मर्यादाही ठरलेली आहे : कारखान्यातून निघणाऱ्या दुचाकीला १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल, त्यावर ८०, आणि ८० सीसीपर्यंतच्या लहान गाडीला ७५. पण आपल्या मोहिमेत आवाज मोजायचं यंत्र कोणाच्या हातात दिसलं नाही. कानाने मोजला. कान मोजतो तेव्हा टू-स्ट्रोकचा चिरका आवाज नेहमीच जास्त भरतो आणि जो जास्त बोलतो त्याचा सायलेन्सरही जास्त आवाजाचा ठरतो. शिवाय चिरडायची घाई कशाला? जप्त मालाचं काय करायचं ते कोर्टाने सांगायचं असतं, असं मला वकील साहेबांनी सांगितलं. गुरुजींना निदान आठ दिवस मिळाले असते तर त्यांनी गाडीचं मूळ पुस्तक आणून दाखवलं असतं. ते त्यांनी जपून ठेवलेलं आहे.

पाचवं, पेपरातली नावं. पोट्ट्यांचे चेहरे आणि नावं ‘स्टंटबाज’ म्हणून छापून आली, बातमी आपल्याकडच्या प्रेस नोटवरून गेली. त्या यादीतल्या एकानेही पुढचं चाक उचललेलं नव्हतं. एकाचं लग्न ठरत होतं, ते आता थांबलं आहे. “पोरगा काय करते, तं गाडी उडवते म्हणे,” असं पाहुण्यांनी परस्पर ऐकलं. याची भरपाई कोणतं कलम देतं ते मला सापडलं नाही.

आणि एक गोष्ट, जी बोलल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ती माझ्याच धंद्यातली आहे. मी ट्रॉल्या बनवतो. प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर लावून देतो, दिव्याची वायर काढून देतो. सहा महिन्यांत रिफ्लेक्टर फुटतो, वायर तुटते, कोणी परत येत नाही. कापसाने भरलेल्या, बाहेर फुगलेल्या, मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री या रस्त्यांवर चालतात आणि बंद पडल्या की तिथेच उभ्या राहतात, मागे एक दगड ठेवून. अंधारात दुचाकीवाले त्यांवर आपटून मरतात. समृद्धी महामार्ग आमच्या भागातून गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे दुचाकीच्या वाट्याला हेच जुने रस्ते आहेत, याच ट्रॉल्यांसोबत. आपली मोहीम ज्या नाक्यावर चालली होती त्याच नाक्यावरून त्या संध्याकाळी बिनदिव्याच्या ट्रॉल्या गेल्या. निवडणुकीच्या वेळी बिनहेल्मेटची, झेंडे लावलेली, सायलेन्सरच्या जाळ्या काढलेली रॅली त्याच चौकातून जाते, तेव्हा रोड रोलर कुठे असतो तेही लोक बघतात. शेतात डवरा ओळ सोडून चालवला की तण राहतं आणि पीक उपटून निघतं. आपल्या मोहिमेचं तसंच झालं आहे.

रविवारच्या फेरीबद्दलही थोडं. पहाटे निघून चिखलदऱ्याकडे किंवा पेंचच्या रस्त्याला जायचं, ऊन चढायच्या आत परत. पाचपेक्षा जास्त मोटरसायकली एकत्र दिसल्या तर कारवाई, असं ठाण्यातून तोंडी सांगितलं गेलं आहे. लग्नाच्या वरातीत किती दुचाकी असतात ते मी विचारत नाही. मात्र मी त्या पोट्ट्यांसोबत जातो, म्हणून खात्रीने सांगतो : सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पुढचा कधी मागच्याला सोडून जात नाही, आणि जो घाटात वळणावर ओव्हरटेक करतो त्याला पुढच्या रविवारी बोलावत नाहीत. वाटेत कोणाची गाडी बंद पडली तर तीन जण थांबतात. हे वाईट वळण असेल तर चांगलं वळण कोणतं, ते सांगा; आमच्या गावात संध्याकाळी पोट्ट्यांसाठी दुसरं काय उघडं असतं, ते आपल्या ठाण्यालाच जास्त माहीत आहे.

मागण्या अशा.

ठाण्याच्या आवारातल्या गाड्या, ज्यांची आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स बरोबर आहे, त्या ताबडतोब सोडा. दंड लावायचा असेल तर कलम, नियम आणि भाग लिहून लावा. नुसता ‘मॉडिफाय’ शब्द नको.

गुरुजींच्या सायलेन्सरांची चूक लेखी मान्य करा आणि भरपाई द्या. जीटीचं चलान रद्द करा. कंपनीने बसवलेला भाग आणि बाहेरून बसवलेला भाग यांत फरक करता येईल एवढी माहिती नाक्यावर असू द्या. हवं तर मी फुकट येऊन दाखवतो.

आवाज यंत्राने मोजा आणि आलेला आकडा पावतीवर लिहा. कोर्टाचा आदेश नसेल तर काही चिरडू नका.

प्रेस नोटमध्ये गुन्हा सिद्ध होईपर्यंत नावं आणि फोटो देऊ नका. दिलेल्यांबद्दल खुलासा त्याच पेपरांना पाठवा.

परिवहन अधिकारी साहेब, आपल्या कार्यालयाचा तालुक्याला दर महिन्याला कॅम्प लागतो. त्यात एक तास अशा गाड्यांसाठी ठेवा. मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी बघावी, काय चालेल आणि काय काढावं लागेल ते कागदावर लिहून सही करून द्यावं. काय चालतं आणि काय नाही याची मराठीतली यादी कार्यालयात आणि प्रत्येक ठाण्यात लावा. यादीत माझं काम बसत नसेल तर मी ते काम बंद करीन. पण ती यादी आधी असू द्या.

ट्रॉल्यांच्या मागच्या दिव्यांची मोहीम कापसाच्या हंगामात घ्या. रिफ्लेक्टर पट्ट्या आपण आणा, लावायची मजुरी मी घेणार नाही.

लेथ सील करायची असेल तर नोटीस द्या. मी पावती पुस्तक आणि कामाची वही घेऊन हजर होईन.

आणि शेवटी, पुढच्या कॅम्पला आम्ही गाड्या घेऊन येतो आहोत, आपण बोलावलं नसलं तरी. सकाळी दहा वाजता कार्यालयाच्या मागच्या मैदानात उभे राहू, कागदपत्रं फाइलला लावून, गाड्या बंद करून, एका ओळीत. निरीक्षक साहेब जे काढायला सांगतील ते तिथल्या तिथे काढू. पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि मूळ हँडलं आम्ही ट्रॉलीत घालून आणणार आहोत. ट्रॉलीला मागे दिवा आहे. सांगितलेलं मात्र लेखी द्यावं, एवढीच विनंती.

आपला नम्र,
हायवेवरचा लेथवाला